सदतिसाव्या पानावरचं फाटक

१३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी कौन्सिलने 'स्वयंसेवकांच्या सन्मानार्थ' दिली. मुखपृष्ठावर गव्हाची ओंबी, मागे उगवता किंवा मावळता सूर्य. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या यानाराप गावात दोन्हींत फारसा फरक नसतो. चौदा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसले, त्याचं हे फळ. गेल्या वर्षी पेन दिलं होतं. ते उमटत नव्हतं.

डायरीसोबत पत्रही आलं. वाचनालयाचा सचित्र इतिहास हवाय, चोवीस पानी, आणि तो रोवेना पास्को यांनी, म्हणजे मी, लिहावा. गावाचं दोन पानी वार्तापत्र मीच काढते, त्यामुळे साहित्यात मला इथे प्रतिस्पर्धी नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण कौन्सिलने आजवर तीन इतिहास लिहून घेतले: रेल्वे स्टेशनचा, प्रसूतिगृहाचा आणि लोण्याच्या कारखान्याचा. तिन्ही पुस्तिका छान निघाल्या. तिन्ही जागांना पुढच्याच महिन्यात कुलूप लागलं. गळ्यात हार पडला की बोकडाने काय ते समजून घ्यावं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेर त्रेचाळीस अंश. कौन्सिलच्या टॅमसिनबाई आल्या. समाजसुविधा व्यवस्थापक असं त्यांच्या गळ्यातल्या पट्टीवर लिहिलंय.

"मिसेस पास्को, तुम्हाला वाईट वाटेल, पण आकडे बघा. गेल्या वर्षी या वाचनालयातून एकूण चौदा पुस्तकं बाहेर गेली."

ती चौदाही माझीच होती. दोन वर्षांपूर्वी कौन्सिलने नोंदणीचं यंत्र बसवलं. पुस्तक त्याखाली धरलं की 'टुंग' होतं आणि तुमचं नाव कुठेतरी लांबवर लिहिलं जातं. ते गंजू नये म्हणून महिन्याकाठी एकदा-दोनदा मी टुंग करते.

"तीस जूनला बंद," टॅमसिनबाई म्हणाल्या. "पण दर तिसऱ्या गुरुवारी फिरती गाडी येईल. चाळीस मिनिटं थांबेल. शिवाय इतिहास तर राहतोच ना!"

त्या गेल्यावर थंड हवेच्या खिडकीखालच्या खुर्चीतून एर्विन नोस्के म्हणाला, "चाळीस मिनिटं. माझ्या ग्रेडरला गरम व्हायला त्याहून जास्त लागतात."

एर्विन कौन्सिलचा ग्रेडर चालवतो. कच्चे रस्ते खरवडून सपाट करायचं ते अजस्र धूड. दर शुक्रवारी काम आटोपलं की येतो आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मासिक उघडून बसतो. गारव्यासाठी. हिवाळ्यात शेगडीसाठी. पाणी स्वतःच्या बाटलीतलं पितो, एवढाच काय तो स्वाभिमान.

"तुला काय फरक पडतो रे?" मी म्हटलं. "तुझं मासिक पेट्रोल पंपावरही मिळतं."

"पडतो की," तो म्हणाला आणि पान उलटलं. मग आणखी एक पान उलटून, "ती नॉर्वेची इन्स्पेक्टर मात्र बावळट होती. खुनी पहिल्या प्रकरणातच तिला कॉफी देतो."

मी ती कादंबरी मागच्याच आठवड्यात परत ठेवली होती. विचारलं, तुला कसं ठाऊक? म्हणाला, रेडिओवर सांगत होते.

हल्ली रेडिओवर काय काय सांगतात.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

इतिहासाला हात घातला. सभांची इतिवृत्तं चहाच्या पेटीत सापडली. १८९१: संस्था स्थापन. पहिला ठराव ग्रंथखरेदीचा, दुसरा ठराव पहिला रद्द करून बिलियर्डचं टेबल घेण्याचा. पुस्तकं चार वर्षांनी आली, टेबलाची कमाई झाल्यावर. १९१७: उंदरांची टोळधाड. उंदरांनी प्रवचनांची संपूर्ण मांडणी फस्त केली. 'हानी नगण्य' अशी नोंद आहे.

१९३४पर्यंत कुणी कुठलं पुस्तक नेलं याची वही नीट आहे. त्यानंतर कोरी. नव्वद वर्षं कोरी.

हे का, ते गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. तरी मूळ गोष्ट मिसेस सेमलरना विचारायला हवी.

५ मार्च, मंगळवार

मिसेस सेमलर एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. इस्पितळाच्या वृद्धविभागात, खिडकीजवळची खाट. छत्तीस वर्षं त्या ग्रंथपाल होत्या आणि त्यांच्या आधी त्यांची आई. पन्नास वर्षांची ओळख, पण मी त्यांना मिसेस सेमलरच म्हणते. त्या मला "पास्कोची सून" म्हणतात. पास्को, म्हणजे माझा नवरा, कॅरव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला पळाला त्याला नऊ वर्षं झाली. कधीकधी कॅरव्हॅनची आठवण येते.

"आई सांगायची, वही टेबलावर उघडी असायची," मिसेस सेमलर म्हणाल्या. "पाद्रीबाई आल्या, वाचून गेल्या. रविवारी बायकांच्या मंडळात त्यांनी प्रार्थना केली. एकेकाचं नाव घेऊन, पुस्तकाचं नाव घेऊन. 'हे प्रभो, बर्टा क्लेम्मला क्षमा कर, ती पॅरिसची कादंबरी वाचते आहे.' बर्टा तिथेच बसलेली! हातात केकची बशी!"

"मग?"

"मग काय! मंगळवारी वही शेगडीत सापडली. आईने बघून न बघितल्यासारखं केलं. पुढे लोक पुस्तक घ्यायचे, वाचायचे, आणायचे. आपण हे वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून सदतिसाव्या पानावर खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपापली खूण. नाव नाही, गाव नाही."

"सदतीसच का?"

"पाद्रीबाई विसाव्या पानापुढे कधी जायच्या नाहीत, अगं."

निघताना म्हणाल्या, "तुझी खूण कुठली, ते मला सांगू नकोस हं."

सांगणार नव्हतेच. इथे लिहायला हरकत नाही: किटली.

१५ मार्च, शुक्रवार

आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात तो असा. अख्खं गाव नव्वद वर्षं सभ्यपणे नोंद टाळत आलं, आणि आता सरकारदरबारी आम्ही निरक्षर ठरलो.

आज नवी पुस्तकं सहज चाळली. यंत्र आल्यानंतर घेतलेली, म्हणजे गेल्या दोन वर्षांतली. प्रत्येकात सदतिसाव्या पानावर दहा-बारा खुणा. पवनचक्की, बूट, मासा, काटेचमचे, एक पाय मोडलेला कांगारू. हाच पुरावा! पुस्तक दोन वर्षांपूर्वी आलं, म्हणजे खुणाही दोन वर्षांतल्याच.

आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या किटलीखाली लगेच एक फाटक. पाच आडव्या पट्ट्यांचं, बंद. प्रत्येक पुस्तकात. किटली, खाली फाटक. किटली, खाली फाटक.

विचार केला. पाच आडव्या रेघा म्हणजे संगीत लिहायच्या रेघा. म्हणजे डॉट शिर्मर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. उलगडलं एकदाचं. मी परत केलेलं पुस्तक बिचारी परतीच्या पुस्तकांच्या ढकलगाडीवरून थेट उचलत असणार.

एर्विन विचारत होता, "एवढं काय शोधतेस?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

२ एप्रिल, मंगळवार

खात्री करून घ्यावी म्हणून लंडनच्या गटारांचा इतिहास नेला. सहाशे चाळीस पानं, चित्रं नाहीत. मी प्रामाणिकपणे सदतिसाव्या पानापर्यंत पोचले, किटली काढली आणि गेल्या मंगळवारी परत ठेवलं. आज बघते तर खाली फाटक. आठवड्यात! डॉटची चिकाटी मानली पाहिजे. लिंबाचा केक करून नेऊन दिला. "हे कशाबद्दल?" म्हणाली. मी अर्थपूर्ण हसले. तीही हसली आणि केक घेतला. असं समजूतदार माणूस गावात असावं.

५ एप्रिल, शुक्रवार

एर्विनचे डोळे लाल. झोप झाली नाही म्हणाला. मग अर्धा तास विटांच्या गटाराला उतार किती ठेवावा यावर बोलला. रस्ते खरवडणाऱ्या माणसाला गटारांत रस असायचाच.

"पण शेवटची दोनशे पानं," तो म्हणाला, "कशी काय झेपली असतील वाचणाऱ्याला?"

"कुठली पानं?"

"काही नाही. रेडिओवर होतं."

२६ एप्रिल, शुक्रवार

खुणा मोजायला माणूस हवा होता. पेरण्या सुरू, सगळे ट्रॅक्टरवर. एर्विन मोकळा होता. मी पुस्तक उघडून आकडा सांगायचा, त्याने लिहायचा. दोनशे बारा पुस्तकं, दोन हजार तीनशे अठ्ठावीस खुणा. तीनशे दहा वस्तीच्या गावात. किटलीखाली फाटक आलं की दर वेळी त्याला खोकला यायचा. ग्रेडरची धूळ फार वाईट.

१४ मे, मंगळवार

टॅमसिनबाईंना आकडे दिले. त्यांनी पान सदतीस पाहिलं, मग दुसऱ्या पुस्तकातलं पाहिलं, मग बसल्या.

"मिसेस पास्को, हे तर कौन्सिलच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण आहे."

"हे वाचन आहे."

"कुणाचं? एकट्या माणसानेसुद्धा या खुणा काढल्या असतील. तुम्हीसुद्धा."

दोन हजार तीनशे अठ्ठावीस? मला बूट काढता येत नाही, असं मी सांगितलं. उपयोग झाला नाही. ठरलं ते असं: तेरा जूनला जाहीर सभा. लोकांनी उभं राहून आपली खूण कबूल केली तर कौन्सिल ती खरी धरेल. सामान्य नागरिकांना माफी. कौन्सिलच्या नोकरांपैकी कुणी असेल तर मात्र शिस्तभंगाची कारवाई, नियमच आहे.

"आमच्या नोकरांपैकी कुणी नसेलच म्हणा," त्या म्हणाल्या.

मीही म्हटलं, नसेलच. एर्विन सोडला तर इथे राहणारं कौन्सिलचं नोकर कुणी नाही, आणि तो मासिकापलीकडे जात नाही.

३१ मे, शुक्रवार

घरोघर फिरले. सगळ्यांना वाचनालय हवंय. खूण सांगायला कुणी तयार नाही. फाटकाबद्दल डॉटला सरळच विचारलं. "मी?" ती म्हणाली. "मी फक्त विणकामाची पुस्तकं नेते, रो. आणि माझी खूण मी मेल्यावर शोध." मग दार लावता लावता, "केक मात्र छान होता."

म्हणजे फाटक कुणाचं, हा प्रश्न पुन्हा उघडा. आत्ता त्याला वेळ नाही.

आमच्या भागाचा कौन्सिलर डेस ट्विग्डन. सहा फूट चार इंच, फुटबॉल क्लबचा माजी कप्तान. दारातच म्हणाला, "हे बघ रो, माणसाचं वाचन हे त्याच्या आतल्या कपड्यांसारखं असतं. असावं, स्वच्छ असावं, दाखवू नये."

"मग वाचनालय बंद पडेल, डेस."

"पडेल," तो म्हणाला आणि खरंच दुःखी दिसला. बाजूने मतही देणार नाही म्हणाला.

वाचनालय गेलं तर मंगळवार आणि शुक्रवारचं काय करायचं, हे मला सुचलेलं नाही. बाकीचे पाच दिवस मी कसे काढते ते मला माहीत आहे. त्यात आणखी दोन नकोत.

१४ जून, शुक्रवार

काल संध्याकाळी सभा झाली. क्लबच्या खोलीत, करंडकांच्या कपाटासमोर. नव्वद माणसं. टॅमसिनबाईंनी विचारलं, "कुणी पुढे येणार का?" चुळबुळ. कुणीतरी शिंकलं तर सगळ्यांनी त्याच्याकडे आशेने पाहिलं. मी उभी राहिले. "किटली," म्हटलं. एकटीच उभी. स्वयंसेवकाची किटली म्हणजे पुरावा नव्हे, हे टॅमसिनबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"आणखी कुणी? नाहीतर हा विषय..."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. एर्विन उठला. टोपी हातात.

"फाटक," तो म्हणाला. "पाच पट्ट्यांचं. माझं."

"मिस्टर नोस्के," टॅमसिनबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही कौन्सिलच्या नोकरीत आहात. नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. बावीस वर्षं आहे मी." मग त्याने पुस्तकं सांगायला सुरुवात केली. नॉर्वेची इन्स्पेक्टर. मिठाचा व्यापार. चिलीतल्या नणंदा-भावजया. आंधळा घड्याळजी. क्रमाने, एकही न चुकता. मी ज्या क्रमाने वाचली, त्याच क्रमाने. "आणि लंडनची गटारं," तो शेवटी म्हणाला. "पूर्ण."

सगळे आधी त्याच्याकडे बघत होते, मग कोण जाणे का, माझ्याकडे बघू लागले. डॉट रुमालाने डोळे टिपत होती. तिला सर्दी असावी.

मग कपाट हलल्यासारखा आवाज झाला. डेस ट्विग्डन उभा होता. "पवनचक्की," तो म्हणाला. "एक्केचाळीस पुस्तकं. डॉक्टर-नर्सच्या प्रेमकथा." खोलीवरून नजर फिरवली. "कुणाला काही म्हणायचंय?"

त्यानंतर बूट उठला, मासा उठला, दोन काटेचमचे निघाले (सख्खे भाऊ, एकमेकांना माहीत नव्हतं). मोडक्या पायाचा कांगारू म्हणजे इस्पितळाची मेट्रन. एकूण एकोणसत्तर.

घरी येऊन एर्विनचा विचार केला. माणूस सरळ, पण पुस्तक निवडायची स्वतःची अशी काही आवड त्याला नाही. गाडीवर जे पहिलं दिसेल ते उचलतो. त्याला एक यादी करून द्यायला हवी.

९ जुलै, मंगळवार

गेल्या आठवड्यात पत्र आलं. वाचनालय एक वर्ष चालू. अट एकच: यापुढे प्रत्येक पुस्तक यंत्राखालून जाईल, वाचकाच्या नावासकट. खुणा बंद. त्यासाठी एक डझन खोडरबरं सोबत जोडली आहेत. एर्विनला लेखी ताकीद, आणि उत्तरेकडचे लांबचे रस्ते, सात आठवडे, मुक्काम तंबूत.

शुक्रवारी खुर्ची रिकामी होती. शेगडी उगीच जळत होती. मी ती बारीक केली. मग पुन्हा मोठी केली. कारण लिहिण्यासारखं नाही.

नावांचा पेच मिसेस सेमलरनी सोडवला. "कार्ड तर लागतं ना? माझं घ्या. मी काही आता पाद्रीबाईंना भीत नाही."

१३ ऑगस्ट, मंगळवार

कौन्सिलच्या नोंदीनुसार जुलैत मिसेस सेमलरनी चारशे बारा पुस्तकं वाचली. टॅमसिनबाईंनी त्यांना राज्यातल्या सर्वांत उत्साही वाचक म्हणून प्रमाणपत्र पाठवलं. मी ते खाटेजवळ टांगलं.

"चारशे बारा," त्या म्हणाल्या. "त्यातलं एखादं तरी बरं होतं का?"

इतिहास पुरा करून पाठवला होता. आज परत आला. चालू संस्थांच्या इतिहासासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही.

मिसेस सेमलर उशीला टेकल्या. "पास्कोची सून, एक विचारू? तो नोस्के लांबच्या रस्त्यांवर पुस्तकं नेतो का?"

"नेतो. जाताना माझ्या मागोमाग दोन म्हाताऱ्यांची कादंबरी घेऊन गेला. बोटीतून टास्मानियाला जातात ते. मी ती आदल्या दिवशीच परत केली होती."

"हं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. वयाने नजर एकेका ठिकाणी अडकते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

एर्विन रस्त्यांवरून आज परतला म्हणतात. वाचनालयात आला नाही. मी टपालाला गेले असताना मात्र येऊन गेला असावा, कारण गाडीवर दोन म्हाताऱ्यांची कादंबरी होती, बांधणीत लाल धूळ.

नियम म्हणून खोडरबर घेऊन पान सदतीस काढलं. किटली. तिच्याखाली फाटक. पण या वेळी उघडं. पट्ट्या तिरक्या काढलेल्या, बिजागरीसुद्धा दाखवलेली. पुन्हा पुन्हा खोडून काढलं असावं, कागद तिथे झिजलाय.

मग मागची पुस्तकं काढली. चिली, मीठ, घड्याळजी, गटारं. मग त्याआधीची. मग जुन्या मांडणीवरची, आठ वर्षांपूर्वीची, नऊ वर्षांपूर्वीची. किटली, फाटक. किटली, फाटक. सगळीकडे बंद.

आमच्याकडे मुलांना अक्षरांच्या आधी एक गोष्ट शिकवतात: दुसऱ्याच्या शेतातलं फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. बंद असेल तर बंद. उघडं असेल तर उघडं.

खोडरबर खणात टाकलं. एका पुस्तकात एकाने दोनदा खूण करायची नाही, असा मिसेस सेमलरच्या आईचा कडक नियम आहे. मी पेन्सिलीला टोक केलं आणि फाटकाच्या पलीकडे, आतल्या बाजूला, एक किटली काढली. लहानशीच. वाफेसकट.

पुस्तक गाडीवर वरच ठेवलंय.